दिव्याचा कल



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी दूरध्वनीवरून मला विषय विचारला आणि मी ‘मोटारसायकलचा पुढचा दिवा’ असे सांगितले, तेव्हा पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. त्यांची अडचण मला समजते. काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावरचे व्याख्यान ऐकलेत, उद्या सहकारी चळवळीवरचे ऐकणार आहात; मधल्या दिवशी हा मनुष्य वायरी आणि बल्ब घेऊन कोठे उभा राहतो, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. पण आत येताना मी बाहेरच्या मैदानावर सहज नजर टाकली. तेथे दुचाकींच्या तीन लांबलचक रांगा लागल्या आहेत. व्याख्यान संपले की आपण सारे त्यांवर बसून घरोघर जाल, आणि प्रत्येकापुढे एक दिवा जळत असेल. तो दिवा नेमका कोठे पडतो, हे आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी मुद्दाम पाहिले आहे? हात वर करावयास मी सांगत नाही. कित्येक वर्षे मोटारसायकल चालवूनही ते पाहण्याची बुद्धी मला झाली नव्हती. आणि झाली ती दुसऱ्या एका माणसाचे हाड मोडल्यावर.

ती हकीकत आधी सांगतो, कारण आजचा सगळा विषय तिच्यात आहे.

१९९४ सालचा डिसेंबर महिना. नात्यातले एक लग्न आटोपून मी आणि माझी पत्नी विट्याहून कराडकडे निघालो होतो. सकाळी मला तास घ्यावयाचा होता, म्हणून मुक्काम उरकून पहाटे चारलाच गाडी काढली. तास कसला, तर पदार्थविज्ञानाचा. आणि धडा, आपण हसाल, पण प्रकाशाच्या परावर्तनाचा. गाडीच्या मागे लाडवांचा डबा आणि आहेराची पिशवी आवळून बांधली होती. पुढच्या दिव्यात मी त्याच आठवड्यात ‘नव्वद-शंभर’चा बल्ब बसवला होता. मूळचा साठ वॅटचा मला मिणमिणता वाटे. नव्या बल्बने दोन शेते पलीकडचे लिंबाचे झाड उजळून निघत होते, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता.

कडेगाव मागे पडल्यावर समोरून एक सायकल येताना दिसली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. शिरस्त्याप्रमाणे मी दिवा डिपरवर घेतला. सायकल आणखी जवळ आली, एकदम डुगडुगली, रस्त्याची कड सोडून खाली उतरली आणि चारीत पालथी झाली. आम्ही धावलो. दूध सारे मातीत गेले होते. त्या गृहस्थाच्या खांद्याजवळचे हाड मोडले होते. मागून आलेल्या एका टेम्पोत घालून त्याला आम्ही कराडला दवाखान्यात नेले. वाटेत तो एवढेच म्हणाला, “सायेब, गाडी दिसलीच न्हाई. नुस्ता उजेड आला अंगावर.” मी त्याला समजावू लागलो की मी डिपर दिला होता, अपर लाइट नव्हताच. त्यावर तो काही बोलला नाही. माझी पत्नी मात्र बोलली: “तो पडलाय, आणि तुम्ही डिपरचं काय सांगत बसलात?”

तरीही माझा प्रश्न खरा होता. डिपरवर घेतलेला दिवा खाली पडावयास हवा. तो चाळीस-पन्नास मीटरवरच्या माणसाच्या डोळ्यांत चढला कसा? पुढचे कित्येक दिवस मी त्या प्रश्नाच्या मागे होतो, आणि त्याचे उत्तर शेवटी एका भिंतीवर, खडूच्या दोन रेघांत सापडले. ते समजण्यासाठी आपल्याला प्रथम दिव्याच्या आत डोकवावे लागेल.

दिव्याच्या पाठीमागचा चकचकीत वाडगा आपण पाहिला आहे. त्याला आपण रिफ्लेक्टर म्हणतो. त्याचा आकार साध्या गोल वाटीचा नसतो, अन्वस्ताचा असतो. या आकाराचा गुण असा की, त्याच्या पोटात एक विशिष्ट बिंदू असतो. त्या बिंदूवर ज्योत ठेवली, तर तिचे वाडग्यावर आदळणारे सारे किरण एकमेकांना समांतर होऊन समोर जातात. त्या बिंदूला गणितात नाभी म्हणतात. आपल्या मिस्त्रींचा ‘फोकस’ तो हाच. मोटारसायकलीच्या बाल्यावस्थेत या बिंदूवर ॲसिटिलीनची ज्योत असे. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे, थेंब थेंब पाणी पडले की वायू निघे आणि पेटवला की फुरफुरत जळे. बाजारात भाजीवाले पूर्वी असले दिवे लावून बसत, ते काही वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्या दिव्याला अपर नव्हते नि डिपर नव्हते. आणि त्या वेळच्या वेगाला आणि वर्दळीला त्याची गरजही फारशी नव्हती.

पुढे वीज आली, आणि १९२५ च्या सुमारास एका बल्बात दोन तारा घालण्याची युक्ती प्रचारात आली. एक तार नाभीवर. तिचा प्रकाश सरळ दूर जातो, तो आपला अपर लाइट. दुसरी तार नाभीच्या जरा पुढे, आणि तिच्या खाली धातूची एक इवलीशी वाटी. तार पुढे सरकल्यामुळे, वाडग्याच्या वरच्या अर्ध्या भागावर पडणारे तिचे किरण परावर्तन पावून खाली रस्त्याकडे झुकतात. खालच्या अर्ध्या भागावर पडले असते, तर तेच किरण वर आकाशाकडे गेले असते. त्यांना ती वाटी अडवून धरते. हॅलोजन बल्ब आले (मोटारींसाठी पहिला १९६२ साली, आणि दोन तारांचा ‘एच-४’ १९७१ साली), तेव्हाही ही वाटी तशीच राहिली. आपल्या हातात एच-४ बल्ब आला तर काचेतून ती स्पष्ट दिसते. नखाच्या तुकड्याएवढी ती वस्तू आहे. पण समोरच्याचे डोळे आणि आपला दिवा यांच्यामध्ये उभी आहे ती तीच.

दिवा डिपरवर ठेवून गाडी भिंतीसमोर उभी केली, तर भिंतीवर खाली उजेड आणि वर अंधार अशी एक रेषा दिसते. ही त्या वाटीच्या कडेची करामत. काही दिव्यांत ही रेषा डाव्या बाजूला थोडी वर चढते, म्हणजे आपल्या डाव्या कडेचा पादचारी किंवा मैलाचा दगड लवकर दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याला त्रास होऊ नये. हे अर्थातच डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी. ज्या देशांत वाहने उजवीकडून चालतात, तेथल्या दिव्यांत ही चढण उजवीकडे असते. घरबसल्या परदेशातून दिवा मागवून हौसेने बसवणाऱ्या तरुणांनी हे जरूर पाहावे. तसला दिवा आपल्याकडे प्रत्येक समोरच्या माणसाच्या नेमका डोळ्यांत जातो.

आता ही रेषा कोठे असावी? दिवा जमिनीपासून ८० सेंटीमीटर उंचीवर आहे असे धरा. ती रेषा दर १० मीटरला १० सेंटीमीटर या उताराने खाली जात असेल, म्हणजे शेकडा एक, तर ती जमिनीला मिळेल ८० मीटरवर. उतार दुप्पट केला तर ४० मीटरवर. सर्वसाधारण गाडीला शेकडा एक ते दीड हा उतार चांगला. फार खाली केलेला दिवा सज्जनपणाचा दिसतो खरा, पण तो धोक्याचा असतो, कसा ते पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तेथेच संपले. पुढे चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावून थांबावयास आणखी जवळजवळ तेवढेच. म्हणजे एकूण ५० मीटर. दिवा ४० मीटरवर संपत असेल, तर उसाची बिनदिव्याची गाडी आपल्याला दिसेल ती तिच्यावर आदळणे ठरून गेल्यावर. आणि वेग ८० केलात, तर हेच अंतर ७५ मीटरांच्या घरात जाते, वाढतो तो वेग सव्वापटीच्या थोडा वर आणि अंतर मात्र दीडपट. रात्री वेग किती असावा, हे स्पीडोमीटर सांगत नाही. ते दिवा सांगतो.

असो. मी भिंतीकडे येतो. त्या अपघातानंतर एका रविवारी संध्याकाळी मी आमच्या संस्थेच्या मागच्या भिंतीपासून १० मीटरवर, सपाट जागी, मोटारसायकल उभी केली. चाकांत हवा बरोबर भरली. मी वर बसलो, गाडी सरळ धरली आणि एका विद्यार्थ्याला दिव्याच्या मध्याची उंची मोजावयास सांगितली. तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने एक आडवी रेघ मारली, तिच्या खाली १० सेंटीमीटरवर दुसरी. दिवा डिपरवर लावला. उजेडाची कड खालच्या रेघेवर अगदी अचूक बसली! माझा दिवा निर्दोष होता. मी मनातल्या मनात त्या दूधवाल्याला पुन्हा एकदा दोषी ठरवले.

तेवढ्यात पत्नी काही कामासाठी तेथे आली होती, तिला मी सहज म्हटले, “जरा मागे बस.” ती बसली, आणि उजेडाची कड माझ्या डोळ्यांदेखत भिंतीवर वर चढली. खालच्या रेघेवरून निघाली, वरची रेघ ओलांडली आणि तिच्याही वर वीतभर जाऊन थांबली. आम्ही तिघेही काही वेळ गप्प होतो.

हिशेब अगदी सोपा आहे, पण कोणी करीत नाही. मागे माणूस बसला की मागचा शॉकअप दबतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण १३० सेंटीमीटर अंतर असते. मागची बाजू पुढच्यापेक्षा केवळ ३ सेंटीमीटर जास्त दबली, तरी गाडीचा, आणि तिच्याबरोबर दिव्याचा, कल शेकडा सव्वादोनहून थोडा अधिक बदलतो. शेकडा एक खाली असलेला दिवा शेकडा एक आणि वर पाव, असा आकाशाकडे पाहू लागतो. मग ५० मीटरवर त्याच्या उजेडाची कड किती उंचीवर असेल? दिव्याची स्वतःची ८० सेंटीमीटर, आणि चढलेली ६५. एकूण १४५. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून किती उंच असतात ते घरी जाऊन मोजा. पत्नी, लाडवांचा डबा आणि आहेर मिळून मी त्या पहाटे डिपरचा अपर करून चाललो होतो. आणि त्यात नव्वद वॅटची भर मी पदरचे पैसे देऊन घातली होती.

आपल्या रस्त्यांवर मोटारसायकल हे एकट्याचे वाहन नाही. पती-पत्नी, मध्ये मूल, हँडलला पिशवी, कधी मागे गॅसचा सिलिंडर, हे आपले नेहमीचे चित्र. दिवा मात्र आपण एकट्याच्या वजनावर, तेही गाडी डबल स्टँडवर चढवून, मिस्त्रीच्या हाती जुळवून घेतो. डबल स्टँडवर तर मागचे चाक उचलले जाते आणि सगळेच माप चुकते. म्हणून नियम असा धरावा की, आपण ज्या वजनाने रात्री नेहमी जातो त्याच वजनाने गाडीवर बसून दिवा जुळवावा. बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खालच्या बाजूस पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते. ती फिरवून स्प्रिंग एक-दोन पायऱ्या ताणता येते. मागे कायम माणूस असेल तर ती ताणून घ्यावी, दिवा पुष्कळसा जागेवर येतो. उरलेली दुरुस्ती दिव्याच्या स्क्रूने. काही गाड्यांत तो दिव्याच्या खाली असतो, काहींत दोन्ही बाजूंचे बोल्ट सैल करून सबंध दिवाच वरखाली करावा लागतो. भिंतीपासून १० मीटर जागा मिळत नसेल, तर ५ मीटरवर उभे राहावे आणि रेघ ५ सेंटीमीटर खाली काढावी. दहा मिनिटांचे काम आहे. खर्च एका खडूचा.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील १०६ वा नियम मला फार आवडतो, कारण त्याच्या मुख्य कसोटीत वॅट नाही. एक माणूस आहे. दिव्यापासून ८ मीटर समोर, दिव्याच्या उजव्या बाजूस अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत असा कोणीही दिपून जाऊ नये, असा दिवा कायमचा खाली वळवलेला असावा, असा त्याचा आशय आहे. दीड मीटर! तो दूधवालाच जणू नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. पूर्वी कित्येक शहरांत दिव्याच्या काचेवर काळा ठिपका किंवा वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग लावावयाची पद्धत होती, तिचा हेतू हाच. पण उपाय अडाणी. त्याने चांगला किरणही अडतो आणि वाईटही. आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू असेतो जळतच राहतो. भर दुपारी समोरचा माणूस बोटांची उघडझाप करून ‘अहो, लाइट चालू आहे’ म्हणून खुणावतो, त्यामागचे कारण हे. दुसऱ्याच्या जळत्या दिव्याची एवढी काळजी करणारे आपण लोक, तो दिवा कोठे पडतो हे मात्र कधी खुणावत नाही.

‘गाडी दिसलीच न्हाई’ हे त्या माणसाचे वाक्य मला तेव्हा लंगडी सबब वाटले होते. ते शास्त्रशुद्ध होते. डोळ्यात शिरणारा प्रखर प्रकाश सगळाच्या सगळा एका ठिपक्यावर एकत्र होत नाही. त्याचा काही भाग डोळ्याच्या भिंगात आणि आतल्या द्रवात विखुरतो आणि सबंध चित्रावर धुक्यासारखा पडदा पसरतो. त्या पडद्यामागे काळा रस्ता, काळी कड, मोटारसायकलचा काळा आकार हे सारे बुडून जाते. शिवाय दिवा निघून गेल्यावरही अंधाराला सरावलेली नजर परत यावयास काही सेकंद लागतात. आणि त्या सेकंदांत सायकलवाला चालतच असतो. वय वाढले की हे दोन्ही वाढते. साठीच्या माणसाची बाहुली रात्री तरुणासारखी मोठी होत नाही आणि भिंगही पिवळसर होते. त्यामुळे विशीतल्या मुलाच्या डोळ्यात पोहोचतो त्याच्या साधारण एक-तृतीयांशच प्रकाश त्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर विखुरणे आणखी. थोडक्यात, म्हाताऱ्या माणसाला आपला उजेड कामापुरता कमी मिळतो आणि त्रासापुरता जास्त.

आता आपल्यापैकी तरुण मंडळी म्हणतील, हे सगळे खरे, पण आमचा दिवा खरोखरच मिणमिणता आहे, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा बल्बात नसते. ते वायरीत असते.

तारेच्या बल्बाचा एक विलक्षण स्वभाव आहे. व्होल्टेज थोडे घटले की त्याचा प्रकाश फार घटतो. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि बल्बच्या टोकांपाशी अकरा, ही जुन्या गाडीत अगदी सामान्य गोष्ट आहे. घट केवळ बारा टक्के. पण प्रकाश जवळजवळ एक-तृतीयांशाने गेला. ही घट होते कोठे? गंजलेल्या होल्डरमध्ये, सैल अर्थमध्ये, आणि मुख्यतः हँडलवरच्या बटणात. कारण कित्येक गाड्यांत बल्बचा सगळा करंट बारीक वायरीने त्या नाजूक बटणातून फिरून येतो. सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांचे दुखणे याहून मोठे. तेवढ्याच वॅटसाठी त्यांना दुप्पट करंट लागतो, आणि त्याच वायरीत होणारा तोटा प्रमाणाने चौपट पडतो. म्हणून जुनी गाडी बाळगणारे हौशी लोक तिला बारा व्होल्टवर आणतात, ते योग्यच करतात.

साधा मल्टिमीटर घ्यावा, दिवा लावून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या टोकांपाशी व्होल्ट मोजावेत. अर्ध्या व्होल्टापेक्षा अधिक फरक आला, तर नवा बल्ब आणण्यापूर्वी होल्डर साफ करावा, अर्थची वायर घासून घट्ट करावी. त्यानेही भागले नाही तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिले बसवून घ्यावा. रिले म्हणजे विजेने चालणारे बटण: हँडलवरचे बटण फक्त रिलेला हुकूम देते, आणि बल्बचा करंट बॅटरीपासून जाड वायरीने, फ्यूजमधून, थेट बल्बकडे जातो. बल्ब बदलण्याआधी मी हे केले असते, तर नव्वद-शंभरची गरजच पडली नसती. ज्या हलक्या गाड्यांत दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोवर चालतो, त्यांत मात्र इंजिन मंदावले की दिवा मंदावतो. खड्डा आला म्हणून आपण वेग कमी करतो, आणि नेमका तेव्हाच खड्डा दिसेनासा होतो! तेथे इलाज दिवा बॅटरीवर घेण्याचा, पण आधी गाडीची वीज तेवढी पुरते का हे जाणकाराला विचारून.

जास्त वॅटच्या बल्बाविषयी माझे मत आपण ओळखले असेलच, तरी दोन आकडे सांगतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात पातळ होतो. म्हणून साठाऐवजी शंभर वॅट जाळले, तरी नजर पोहोचते ती फार तर सव्वापटीच्या किंचित पुढे. त्या पावपटीसाठी होल्डर वितळतो, वाडग्याचा चकचकीत लेप करपतो आणि बॅटरी उतरते. माझी तिसऱ्या दिवशी उतरली होती.

आणि मग एलईडी. वस्तू उत्तम आहे. कंपनीने एलईडीसाठीच घडवलेला सबंध दिवा मिळत असेल आणि आपल्या गाडीला तो मान्य असेल, तर जरूर घ्यावा. कमी विजेत पुष्कळ उजेड मिळतो. पण बाजारात जी मिळते ती बहुधा वेगळीच वस्तू: जुन्या हॅलोजनच्या वाडग्यात घुसवावयाचा एलईडी बल्ब. आता मघाची ती नाभी आठवा. वाडगा घडवला आहे तो एका बारीक तारेसाठी, आणि ती तार जेथे असावी तेथेच असावी, असा त्याचा आग्रह आहे. एलईडीचे दाणे एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले असतात. त्यांची जाडी वेगळी, जागा एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे, आणि ती वाटी नीट असेलच असे नाही. परिणाम असा की, गाडीच्या पुढ्यातला रस्ता पांढरा फटक होतो, मालक खूश होतो. भिंतीवर पाहावे तर रेषाच नाही, उजेडाचा नुसता चिखल. जवळचे फार उजळल्यामुळे बाहुली आकसते आणि दूरचे उलट कमी दिसते. खोक्यावर पाच आकडी ल्यूमेन छापलेले असतात. तुलनेसाठी सांगतो, चांगला एच-४ बल्ब डिपरवर सुमारे १००० ल्यूमेन देतो, आणि आपल्या बहुसंख्य गाड्यांतला पस्तीस वॅटचा ‘एचएस-१’ केवळ ५२५ च्या आसपास. हे ५२५ ल्यूमेन जागेवर पडले, तर शहरातून आणि गावाच्या रस्त्याने सुखरूप घरी जाता येते. कायद्याचेही भान असावे: गाडीच्या मूळ घडणीत परवानगीवाचून बदल करण्यास मोटार वाहन कायदा १९८८ चे ५२ वे कलम आडवे येते.

ज्यांना घाटातून, रानातून रात्री जावेच लागते, त्यांनी जादा दिवे, म्हणजे ज्यांना आपण फोकस म्हणतो ते, लावावयाचे तर कायद्यात बसतील तेवढेच, आणि मुख्य दिव्याहून खाली लावावेत, खाली वळवावेत. आणि त्यांची वायर अपर लाइटशी अशी जोडावी की डिपर देताच तेही विझावेत. स्वतंत्र बटण ठेवले, की ते बंद करावयाचे राहूनच जाते. हॅलोजन बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकट डाग तापतो आणि काच तडकते. एच-४ च्या तळाशी तीन कान असतात, ते असमान असतात आणि एकाच रीतीने खाचेत बसतात. घाईत बल्ब तिरका राहिला तर सगळी जुळवाजुळव फुकट. काच धुवावी. वाडगा आतून राखेने किंवा पावडरीने घासू नये, त्याचा लेप फार पातळ असतो. आणि आपल्या घरी बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा साधी सायकल असेल, तर तिच्या मागे परावर्तक पट्टी चिकटवावी. ती पट्टी समोरचा उजेड जेथून आला तेथेच परत पाठवते. शंभर वॅटचा बल्ब जे करू शकत नाही ते ती फुकट करते.

तो दूधवाला बरा झाला. दोन महिन्यांनी मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा एका नव्या पट्टीचे वेटोळे बरोबर नेले होते. त्याने ते सायकलला लावले, किटल्यांनाही लावले, आणि मग माझ्या गाडीकडे बघून विचारले, “आन् सायेब, तुमच्या लाइटीचं काय केलं?”

मी काय केले ते आपल्याला सांगून झाले आहे. चिटणिसांनी परवानगी दिली आहे, तेव्हा उद्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर या सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशी मी खडू, टेप आणि मल्टिमीटर घेऊन उभा असेन. जागा सपाट आहे, मी मोजून पाहिली. १० मीटर पुरेपूर भरते. ज्यांना दिवा पाहून घ्यावयाचा असेल त्यांनी गाडी घेऊन यावे. चाकांत हवा भरून आणावी. आणि मागे जे कोणी नेहमी बसते, त्यांनाही बरोबर आणावे.